तारेवरचा श्वास

मायकल क्रॉफर्ड हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण त्याचा आवाज अनेकांनी ऐकलेला असतो. २००८ सालचा 'वॉल-ई' हा ॲनिमेशनपट आठवून पाहा. ओसाड पडलेल्या पृथ्वीवर कचऱ्याचे ठोकळे रचणारा तो गंजका यंत्रमानव घरी येऊन एक जुनी व्हिडिओ कॅसेट लावतो, आणि पडद्यावर दोन माणसं एकमेकांचा हात हातात घेतात. त्या प्रसंगात गाणारा लाजरा तरुण म्हणजे क्रॉफर्ड. मूळ चित्रपट 'हॅलो, डॉली!', साल १९६९, दिग्दर्शक जीन केली, नायिका बार्बरा स्ट्रायसँड. आवाज कोवळा, थोडा अनुनासिक, वाक्याच्या शेवटी अलगद सुटणारा.

याच माणसाने पुढे सतरा वर्षांनी, ९ ऑक्टोबर १९८६ रोजी, लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये अर्धा मुखवटा चढवून 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या संगीतकातला, म्हणजे गाण्यांनी पुढे जाणाऱ्या नाटकातला, फँटम उभा केला: ऑपेरागृहाच्या तळघरात लपून राहणारा विद्रूप संगीतकार. मधल्या काळात ब्रिटनमधल्या घराघरांत तो एका विनोदी टीव्ही मालिकेतला फ्रँक स्पेन्सर होता: डोक्यावर बेरेट टोपी, अंगात रेनकोट आणि हात लावेल ते मोडणारा. म्हणून त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण एकाच गोष्टीचं नवल करतात, की असा विदूषक गायक कसा झाला. मला हा प्रश्नच उलटा वाटतो. तो आधी गायकच होता. पडणं, धडपडणं, तारेवर चालणं आणि मुखवट्याआडून गाणं ही सगळी कामं त्याने एकाच हिशेबाने केली, आणि तो हिशेब श्वासाचा होता. कुठे भरायचा, कुठे धरायचा, कुठे सोडायचा.

त्याचा जन्म १९ जानेवारी १९४२चा, इंग्लंडमधल्या सॉल्झबरीचा. लहानपणी सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत उंच पट्टीत गाणारा मुलगा. बेंजामिन ब्रिटनसारख्या संगीतकाराच्या 'लेट्स मेक ॲन ऑपेरा'मध्ये त्याने धुराड्यात उतरणाऱ्या पोराची, सॅमीची भूमिका केली. मग १८ जून १९५८ रोजी ऑल्डबरा महोत्सवात, ऑरफर्ड गावच्या चर्चमध्ये ब्रिटनच्याच 'नोयेज फ्लड'चा पहिला प्रयोग झाला. बायबलमधल्या नोआच्या नौकेची ही गोष्ट. त्यात क्रॉफर्ड नोआचा मुलगा जाफेट होता, वय सोळा. त्या प्रयोगात मूठभर व्यावसायिक कलावंत आणि बाकी सगळी शाळकरी मुलं. पावसाचे पहिले थेंब ऐकू यावेत म्हणून ब्रिटनने चहाचे मग दोरीला टांगून ते लाकडी चमच्याने वाजवून घेतले होते. अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलाला एक गोष्ट आपोआप कळते: सूर चांगला असून भागत नाही, तो ठरलेल्या मात्रेवर यावा लागतो, कारण शेजारी मग वाजवणारं पोरही तीच मात्रा मोजत असतं. क्रॉफर्ड हे आडनावही त्याने या कोवळ्या वयातच घेतलं, बिस्किटं वाहून नेणाऱ्या एका लॉरीवरची पाटी वाचून.

आवाज फुटल्यावर अशा मुलांचं काय करायचं हा प्रश्न रंगभूमीला कायमच पडतो. क्रॉफर्ड चित्रपटांकडे वळला. रिचर्ड लेस्टरच्या 'द नॅक'ला १९६५ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला, त्यात तो होता. १९६७च्या 'हाऊ आय वन द वॉर'मध्ये जॉन लेनन त्याच्या सोबत होता. या भूमिकांबद्दल मला फार बोलायचं नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेलं पीटर शॅफरचं 'ब्लॅक कॉमेडी' जास्त महत्त्वाचं आहे.

या नाटकाची गंमत प्रकाशयोजनेत आहे. पात्रांच्या जगात दिवे असतात तेव्हा रंगमंच काळोखात असतो. पात्रांच्या घरातला फ्यूज उडाला की रंगमंचावरचे सगळे दिवे लागतात. म्हणजे नटांनी लख्ख उजेडात ठार आंधळ्यासारखं वावरायचं. क्रॉफर्डची भूमिका एका गरीब शिल्पकाराची. त्याने शेजाऱ्याचं उंची फर्निचर न विचारता आणून मांडलेलं आहे, आणि शेजारी अचानक परतल्यामुळे ते अंधारात एकेक करून परत पोचवायचं आहे. इथे चूक कुठे होते ते पाहा. नटाचे डोळे उघडे आहेत, खुर्ची समोर दिसते आहे. शरीर आपसूक वळसा घेतं, आणि तेवढ्याने प्रेक्षकाचा विश्वास उडतो. पावलं मोजून टाकायची, बुबुळं वस्तूवर स्थिरावू द्यायची नाहीत, हात वस्तूच्या थोडं अलीकडे पोचला पाहिजे. धडक बसण्याआधी पोटाचे स्नायू आवळले तर प्रेक्षकाला ते कळतं. धडक बसेपर्यंत श्वास सहज चालू हवा. जीन केली स्वतः नर्तक. त्याने हे काम पाहिलं आणि या नटाला 'हॅलो, डॉली!'साठी निवडलं, यात मला नवल वाटत नाही.

मग १९७३ साली बीबीसीवर 'सम मदर्स डू ॲव्ह देम' सुरू झालं. लेखक रेमंड ॲलन. फ्रँक स्पेन्सरसाठी वाहिनीने आधी विचार केला होता रॉनी बार्कर आणि नॉर्मन विझ्डम यांचा. दोघंही तयार झाले नाहीत, आणि भूमिका क्रॉफर्डकडे आली. फ्रँकच्या धडपडीची चर्चा सगळे करतात, कारण तसले स्टंट त्याने स्वतः केले. कड्याच्या टोकावर लटकणारी मॉरिस मायनर मोटार आणि तिला लोंबकळणारा फ्रँक, रोलर स्केट्सवरून सुटून चालत्या अवाढव्य ट्रेलरखालून आरपार जाणारा फ्रँक. ट्रेलरखालून जाताना उरतो तो फक्त उकिडवं बसण्यापुरता अवकाश. मान वर राहिली तर काय होईल हे सांगायला नको.

मला मात्र फ्रँकचा आवाज जास्त महत्त्वाचा वाटतो. तो वरच्या पट्टीत, घशाच्या पुढच्या भागातून काढलेला, वाक्य मध्येच तोडून 'ऊऽ' असा सुस्कारा सोडणारा आवाज आहे. ऐकायला हास्यास्पद आणि काढायला अवघड. माणूस घाबरला की श्वास छातीच्या वरच्या टोकाशी येऊन अडकतो. फ्रँक कायम त्याच अवस्थेत बोलतो. पण नट खरोखर तसाच श्वास घेऊ लागला तर पाच मिनिटांत दमेल आणि पुढचा स्टंट त्याला जमणार नाही. म्हणजे श्वास खाली पोटात ठेवायचा आणि आवाज तेवढा वर अडकल्यासारखा दाखवायचा. हे गायकाचंच काम. बायको बेटी झालेली मिशेल डॉट्रिस शेजारी संथ, खालच्या सुरात बोलते म्हणून ही पट्टी कानाला आणखी जाणवते.

मालिका चालू असताना, १९७४ साली, ड्रुरी लेन थिएटरमध्ये 'बिली' हे संगीतक आलं. संगीत जॉन बॅरीचं. नायक दिवास्वप्नं पाहणारा, जवळजवळ सतत रंगमंचावर. प्रयोग ९०४ झाले. आठवड्याला आठ प्रयोग या वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीच्या रिवाजाने मांडलं तर ही दोन वर्षांहून जास्तीची मजुरी होते.

इथे आपल्या वाचकासाठी एक फरक सांगायला हवा. आपल्या संगीत नाटकातला गायक-नट पद रंगलं की ते फुलवत नेऊ शकत असे. वन्समोअर आला की पुन्हा, आणि तबला-ऑर्गन त्याच्यामागून जात. वेस्ट एंडच्या संगीतकात ही मुभा नाही. खालच्या पिटमध्ये वाद्यवृंद असतो, मात्रांचे खंड कागदावर ठरलेले असतात, दिवे आणि नेपथ्य त्याच खंडांवर हलतं. एक श्वास चुकला तर तो भरून काढायला पुढे जागा मिळत नाही. अशा चौकटीत रोज तेच गाणं जिवंत ठेवणं हे वेगळ्या जातीचं कसब आहे.

तारेवरची कसरत हा आपल्याकडे वाक्प्रचार होऊन बसला आहे. १९८१ साली लंडन पॅलेडियममध्ये आलेल्या 'बार्नम'मध्ये क्रॉफर्डने ती शब्दशः केली. अमेरिकन सर्कससम्राट पी. टी. बार्नमवरचं हे संगीतक, संगीत साय कोलमन यांचं. तयारीसाठी तो न्यूयॉर्कला बिग ॲपल सर्कसच्या शाळेत गेला. तार, चेंडूंची फेकझेल, छताजवळून दोरीवरून घसरत खाली येणं, हे सगळं चाळिशीच्या उंबरठ्यावर शिकला. पहिल्या अंकाच्या अखेरीला बार्नम घर सोडून गायिका जेनी लिंडकडे जातो, आणि तो जातो तारेवरून चालत.

तारेवर चालणं म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. बूट मऊ कातडी तळव्याचे, म्हणजे तार पावलाला कळते. पाऊल आडवं ठेवायचं नाही. तार अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून निघून टाचेच्या मध्यावर यावी असं लांबीत ठेवायचं. गुडघे किंचित सैल, कारण ताठ गुडघ्यातून तारेचा कंप थेट कमरेत चढतो. नजर पायाकडे नाही, तार जिथे बांधली आहे त्या पलीकडच्या टोकावर. शरीराचा गुरुत्वमध्य तारेच्या बरोबर वर राहिला पाहिजे. तो सरकला की दुरुस्ती हातांनी करायची, कमरेतून वाकून नाही. नवशिक्या कमरेतून वाकतो, ते वाकणं गरजेपेक्षा जास्त होतं, मग उलट बाजूला वाकतो, आणि तिसऱ्या झोक्याला खाली असतो.

आता यात गाण्याच्या प्रसंगाचा श्वास घाला. घाईने घेतलेला श्वास खांदे उचलतो. खांदे उचलले की हात उचलतात, आणि हात हेच तर तोल सावरण्याचं साधन. म्हणून श्वास बरगड्यांच्या खालच्या कडेला, पाठीकडे भरायचा आणि वरचं शरीर निश्चल ठेवायचं. चांगला गानशिक्षक नेमकं हेच वर्षानुवर्षं सांगत असतो. शिष्याला ते पटायला वेळ लागतो, कारण जमिनीवर चुकीची शिक्षा तत्काळ मिळत नाही. तारेवर मिळते. क्रॉफर्डच्या आवाजात 'बार्नम'नंतर जो स्थिरपणा आला त्याचं अर्धं श्रेय मी त्या तारेला देते. त्या मोसमात ६५५ प्रयोग झाले आणि लंडनच्या रंगभूमीचं ऑलिव्हिये पारितोषिकही मिळालं. पुढे १९८६ साली बीबीसीने हा प्रयोग चित्रित केला. तो पाहताना गाण्याकडे कान द्या आणि डोळे त्याच्या खांद्यांवर ठेवा.

उरलेलं अर्धं श्रेय गानशिक्षक इयन ॲडम यांचं. क्रॉफर्ड त्यांच्याकडे शिकत होता, आणि गायिका सारा ब्राइटमनही. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबरने 'फँटम'मधली क्रिस्टिन, म्हणजे फँटम जिच्यावर भाळतो ती तरुण गायिका, तिच्यासाठीच लिहिली होती. फँटमसाठी आधी रॉक गायक स्टीव्ह हार्लीची निवड झाली होती, शीर्षकगीताची ध्वनिमुद्रिकाही त्याच्या आवाजात निघाली होती. मग ॲडम यांच्याकडे चाललेली क्रॉफर्डची तालीम लॉइड वेबरच्या कानावर पडली, आणि भूमिकेने दिशा बदलली.

ही दिशा किती वेगळी होती! रॉकचा आवाज धमकावतो. क्रॉफर्डचा फँटम आर्जव करतो. त्याचं प्रसिद्ध रात्रीचं गाणं, 'द म्युझिक ऑफ द नाइट', खर्जापासून तारापर्यंत सुमारे दोन सप्तकं फिरतं, आणि गंमत अशी की वर जाताना तो आवाज मोठा करत नाही. वरचे स्वर पातळ, जवळजवळ कुजबुजीच्या कडेवर ठेवतो. हे सोपं नाही. हळू आवाजात वरचा स्वर धरताना हवेचा दाब कमी झाला की सूर खाली घसरतो, जास्त झाला की स्वर फुटतो. हवेची बारीक, न थरथरणारी धार लागते. तारेवरचा श्वास तो हाच.

आणि हे सगळं कोणत्या अवस्थेत? चेहऱ्याच्या रंगभूषेला दोन तास. आधी गुळगुळीत दाढी, मग त्वचेला ओलावा देणारा लेप, त्यावर विद्रूप चेहऱ्याचे कृत्रिम तुकडे. हा चेहरा ख्रिस्तोफर टकरने घडवला. त्यावर दोन टोप, म्हणजे विरळ केसांच्या टकलाचा आतला आणि वर नीटस केसांचा बाहेरचा. डोळ्यांत दोन काँटॅक्ट लेन्स, एक पांढरी, एक धुरकट. आणि दोन रेडिओ माइक. दोन अशासाठी की घाम माइकच्या बारीक जाळीत शिरला की आवाज उशीखालून आल्यासारखा गुदमरतो. प्रयोग थांबवता येत नाही, म्हणून दुसरा तयार ठेवायचा. टोपी घातली की तिच्या कडेवरून आवाज परततो आणि माइकला वेगळाच नाद मिळतो, तो ध्वनितंत्रज्ञाने त्या-त्या प्रवेशात सांभाळायचा. हे सगळं उतरवायला आणखी अर्धा तास.

मुखवटा अर्धा का? जाहिरातीत पूर्ण मुखवटा दिसतो, पण रंगमंचावर तोंड झाकलं तर शब्द आत घुमतात आणि भाव तर दिसतच नाहीत. नेपथ्य आणि वेशभूषा करणाऱ्या मारिया ब्यॉर्नसनने चेहऱ्याची उजवी बाजू झाकून तोंड मोकळं ठेवलं. तरीही चेहऱ्याचा बराच भाग गेलाच. ते नुकसान क्रॉफर्डने हातांनी भरून काढलं. क्रिस्टिनभोवतीची त्याची बोटं पाहा: स्पर्श करत नाहीत, कातडीपासून थोड्या अंतरावर हवेत रेघ ओढत जातात. 'ब्लॅक कॉमेडी'मध्ये वस्तूच्या अलीकडे थांबणारा तोच हात. त्या नाटकात तो हसवत होता, इथे त्याच अंतराने काळीज हलतं.

नाटकाचं वैभव मोठं होतं: सुमारे एक टनाचं झुंबर, २८१ मेणबत्त्या, २२ नेपथ्यबदल, धुक्यासाठी प्रयोगागणिक २५० किलो कोरडा बर्फ. त्यात एक माणूस हरवू शकला असता. क्रॉफर्डने लंडन, मग २६ जानेवारी १९८८पासून ब्रॉडवेचं मॅजेस्टिक, मग लॉस एंजेलिस असे मिळून १३००हून अधिक प्रयोग केले. ब्रॉडवेचं टोनी पारितोषिक मिळालं, दुसरं ऑलिव्हिये मिळालं. २०२५च्या मार्चमध्ये हे संगीतक मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात आलं. भूमिकेत अर्थातच दुसरा गायक होता, पण वरचा स्वर बारीक करत नेण्याची रीत क्रॉफर्डने घालून दिलेली.

या कामाची किंमत शरीराने मोजली, आणि ती झाकून ठेवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. १९९५ साली लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये 'ईएफएक्स' या अवाढव्य खेळात तो पाच रूपं घेऊन उभा राहिला. तिथल्या उड्यांनी खुबा गेला, पुढच्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला आणि खुब्याचं प्रत्यारोपण करावं लागलं. २००२मधलं 'डान्स ऑफ द व्हँपायर्स' ब्रॉडवेवर ५६ प्रयोगांत बंद पडलं. मूळच्या जर्मन भाषेतल्या, जास्त गंभीर संगीतकावर विनोदाचं अस्तर चढवलं होतं, आणि त्याला एकच एक सूर सापडला नाही. २००४ साली लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये 'द वूमन इन व्हाइट'. त्यात तो अगडबंब काउंट फॉस्को. एका गाण्यात जिवंत पांढरा उंदीर त्याच्या हाताखांद्यांवरून पळायचा आणि सभागृह खूश व्हायचं. पण ते पोट म्हणजे अंगभर बांधलेला जाड पोशाख. त्यात उष्णता कोंडते, घाम बाहेर पडतो आणि वाळत मात्र नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. दर प्रयोगाला पाणी जात राहिलं, तो आजारी पडला आणि काही महिन्यांत त्याला भूमिका सोडावी लागली. खोटं पोट बांधून गाणाऱ्या प्रत्येक नटाच्या विंगेत पाणी आणि क्षार ठेवायला हवेत. हे सांगायला कुणाचा तरी बळी पडावा लागू नये.

न्यूझीलंडमधल्या मोठ्या विश्रांतीनंतर तो २०११ साली पॅलेडियमच्याच रंगमंचावर 'द विझर्ड ऑफ ऑझ'मध्ये परतला. आणि मग २०१६, अपोलो थिएटर, 'द गो-बिट्वीन'. वय चौऱ्याहत्तर.

या संगीतकात झुंबर नाही, तार नाही, धूर नाही. वाद्यवृंदाच्या जागी एकच पियानो. एक म्हातारा माणूस आपल्या लहानपणीच्या एका उन्हाळ्याकडे पाहत असतो आणि तो लहानपणीचा मुलगा रंगमंचावर प्रत्यक्ष वावरत असतो. एका पियानोच्या साथीत काहीच लपत नाही, श्वास घेतल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. क्रॉफर्डने तो लपवला नाही. वरचे स्वर आता पूर्वीइतके लांब टिकत नव्हते, तेव्हा तो वाक्य आधी संपवायचा आणि उरलेल्या मात्रा पियानोवर सोडून द्यायचा. शेजारी उभं राहून एक मुलगा कोवळ्या आवाजात गात असे, आणि म्हातारा स्थिर खांद्यांनी, डोळे न हलवता त्याचं ऐकत उभा असे.